अहमदाबादच्या आधी फिजी-टोंगाशी खेळा : भारताचा महिला नेटबॉल संघ घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी भारताचा महिला नेटबॉल संघ बांधणारे पदाधिकारी, निवड समिती आणि प्रशिक्षक

विषय : पॅसिफिक बेटांच्या संघांशी नियमित सामने खेळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार यावर नोव्हेंबर 2025 मध्ये शिक्कामोर्तब झालं. त्याच वेळी जे थोडे खेळ पक्के म्हणून जाहीर झाले, त्यांत नेटबॉल (बास्केटबॉलशी नातं असलेला, सात-सात जणींचा खेळ) होता. हॉकी आणि बॅडमिंटनचं ठरायचं होतं, नेटबॉलचं ठरलं होतं! आपल्याकडे या बातमीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ते असो. तुम्ही पाहिलं असणार. यजमान म्हणून आपला संघ मैदानात उतरेल असं गृहीत धरूनच हे पत्र लिहितेय.

उतरेल, पण चार वर्षं कुणाशी खेळून उतरेल? माझं विचारणं एवढंच आहे.

2010 ची राष्ट्रकुल स्पर्धा आठवून बघा. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम, अंतिम सामना न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. साठ मिनिटांत निकाल लागेना, जादा वेळ दिला तरी लागेना, पुन्हा जादा वेळ. शेवटी 66-64 असा न्यूझीलंड जिंकला आणि तो निर्णायक गोल मारला मारिया टुटाइयाने. ही मुलगी सामोअन वंशाची. आपलाही संघ त्या स्पर्धेत यजमान म्हणून होता आणि उपांत्य फेरीच्या आसपासही पोचला नाही. त्यात खेळाडूंना बोल लावण्यासारखं काही नव्हतं. ज्या मुलींना आंतरराष्ट्रीय सामन्यांचा सराव नाही, त्यांना एकदम ऑस्ट्रेलिया आणि जमैकासमोर उभं केल्यावर दुसरं काय होणार?

पण त्याच स्पर्धेत सामोआ, कुक आयलंड्स आणि पापुआ न्यू गिनी हेही संघ होते. लहान लहान देश, पैशाची ओढाताण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी प्रतिस्पर्ध्याला घाम फोडतील असा खेळ. या बायका कुठून येतात, कुठे खेळून तयार होतात, हे तेव्हा दिल्लीत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. त्याचं उत्तर आहे पॅसिफिक गेम्स.

मी राहते ऑकलंडच्या दक्षिणेला. इथे हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी नेटबॉलची कोर्टं भरलेली असतात आणि मी क्लबच्या सामन्यांत शिट्टी फुंकते. माझ्यासमोर खेळणाऱ्या मुलींत सामोअन, टोंगन, कुक आयलंडर, फिजियन भरपूर. त्यामुळे दर चार वर्षांनी पॅसिफिक गेम्स आले की कोर्टाकडेला दुसरा विषय नसतो. कुणाची मावसबहीण संघात असते, कुणाची वहिनी. भारतात या स्पर्धेचं नावही फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून आधी थोडं तिच्याबद्दल.

ही बेटांची आपली स्पर्धा. कल्पना मांडली ती डॉ. ए. एच. साहू खान यांनी, 1959 मध्ये, आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या रबाऊल इथे भरलेल्या साउथ पॅसिफिक कमिशन या प्रादेशिक संघटनेच्या बैठकीत. साहू खान फिजीचे प्रतिनिधी होते आणि भारतीय वंशाचे. पुढे 1963 मध्ये फिजीच्या राजधानीत, सुवाला पहिली स्पर्धा झाली, तेरा देश-प्रदेश आले. सुरुवातीला नाव साउथ पॅसिफिक गेम्स असं होतं, आता नुसतं पॅसिफिक गेम्स. नेटबॉल तिथे पहिल्या वर्षापासून. 2015 ला पोर्ट मोर्सबी (पापुआ न्यू गिनी), 2019 ला आपिया (सामोआ), 2023 ला होनिआरा (सॉलोमन आयलंड्स) असं हे चक्र फिरत आलंय. 2019 चं यजमानपद खरं टोंगाकडे होतं. 2017 मध्ये टोंगाच्या सरकारने खर्च झेपणार नाही म्हणून हात वर केले आणि सामोआने जेमतेम दोन वर्षांत स्पर्धा उभी केली. आपल्याकडे एक स्टेडियम रंगवायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

नेटबॉल कोण खेळतं हे बघितलं, तर पॅसिफिकचा जुना राजकीय नकाशाच समोर येतो. जिथे इंग्रजांचं किंवा त्यांच्या माघारी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचं राज्य किंवा छत्र होतं तिथे नेटबॉल : फिजी, सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन आयलंड्स. फ्रेंचांच्या ताहिती आणि न्यू कॅलेडोनियात हा खेळ रुजला नाही. अमेरिकेच्या ग्वाममध्ये बास्केटबॉल. मिशनच्या शाळांमधून आलेला हा खेळ बायकांनी मात्र असा काही आपलासा केला, की आता कुणाला तो परका वाटत नाही. फिजीत तर कचेऱ्यांचे, बँकांचे, कारखान्यांचे संघ असतात आणि त्यांची लीग चालते. चार वाजता टेबलावरून उठून, बूट बदलून कोर्टावर.

आता तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पॅसिफिक गेम्सच्या नेटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड नसतात. 2015 पासून या दोघांना मोजक्या खेळांत दार उघडलंय, पण नेटबॉलचं कोर्ट बेटांचंच राहिलं. म्हणजे तिथे सामने बरोबरीच्यांत होतात. आठवडाभरात लागोपाठ सामने, सगळे जिंकता येण्यासारखे आणि सगळे हरता येण्यासारखे. तिसऱ्या क्वार्टरला चार गोलांनी मागे असताना काय करायचं, पाच गोलांची आघाडी शेवटच्या दहा मिनिटांत कशी सांभाळायची, हे अशाच सामन्यात कळतं. ऑस्ट्रेलियाकडून सत्तर गोलांनी हरताना यातलं काहीच शिकायला मिळत नाही. त्या सामन्यात खेळाडू फक्त घड्याळ बघते.

आपल्या तयारीच्या चर्चांमध्ये नेहमी एक सूर असतो : परदेशी प्रशिक्षक आणा, दहा दिवसांचं शिबिर घ्या. घ्या, जरूर घ्या. पण शिबिरात सामन्याचा दाब तयार होत नाही. आशियात आपल्याला श्रीलंका, सिंगापूर, मलेशिया मिळतात. 2024 ची आशियाई नेटबॉल स्पर्धा तर आपण बेंगळुरूलाच भरवली. ते सामने हवेतच. पण आशियाई खेळ एका ठरावीक पद्धतीचा आहे. भराभर छोटे पास आणि समोर एखादी खूप उंच शूटर. श्रीलंकेच्या तर्जिनी शिवलिंगमने वर्षानुवर्षं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. राष्ट्रकुल स्पर्धेत समोर येणारा खेळ याहून वेगळा असतो आणि त्याची चव पॅसिफिकमध्ये मिळते.

ती कशी, ते जरा जवळून सांगते. ज्यांनी नेटबॉल पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द : सात खेळाडू, प्रत्येकीच्या छातीवर-पाठीवर तिच्या जागेची अक्षरं, ज्या त्या जागेच्या मुलीने ठरलेल्या पट्ट्यातच फिरायचं. चेंडू टप्प्याटप्प्याने नेता येत नाही, हातात तीन सेकंदांच्या वर ठेवता येत नाही, आणि बचाव करणारीने चेंडूवालीपासून तीन फूट लांब उभं राहायचं. रिंग दहा फुटांवर, मागे फळी नाही. गोल फक्त दोघीच करू शकतात, त्याही वर्तुळाच्या आतून. बास्केटबॉलमधून आलेल्या मुलीचा पहिला महिना नुसता शिट्ट्या ऐकण्यात जातो.

आता टोंगन किंवा सामोअन गोल शूटर बघा. ती रिंगखाली जागा धरते आणि पाठीमागच्या गोलकीपरला अंगाने रोखून धरते. अंगाला अंग लागणं इथे चालतं, ढकलणं चालत नाही, आणि या दोहोंमधल्या सुतभर फटीत तिचा सगळा खेळ. विंग अटॅक (कडेने चेंडू पुरवणारी) वर्तुळाच्या कडेवरून चेंडू उंच सोडते. चेंडू बचावाच्या बोटांवरून जातो, शूटर शेवटच्या क्षणी एक पाऊल मागे सरकते आणि चेंडू तिच्या हातात येऊन पडतो. बघायला सोपं वाटतं. पंच म्हणून माझी मात्र दर वेळी कसोटी लागते, कारण त्या एका सेकंदात कोण कुणाला रेटतंय ते ठरवायचं असतं. दुसऱ्या टोकाला त्यांच्या बचावपटू हवेत लटकून चेंडू हिसकावतात. पास कुठे जाणार याचा अंदाज त्या हाताकडे बघून बांधत नाहीत, कमरेकडे बघून बांधतात. माझ्या कोर्टावर एक टोंगन आजी दर शनिवारी कडेला बसून नातीला ओरडून हेच सांगते : हातांकडे बघू नकोस!

आणि आवाज. इथल्या कोर्टावर मुली सतत बोलत असतात. चेंडूवालीच्या मागे मदतीला उभी असलेली ओरडते, "हिअर इफ यू नीड!" न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरींपासून सगळ्या हेच ओरडतात. आपल्या मुली शिस्तीच्या, गप्प खेळतात. नेटबॉलमध्ये गप्प राहणारी खेळाडू अर्धीच खेळते, कारण तीन सेकंदांत मागे वळून बघायला वेळ नसतो. हे काही फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. समोरचा संघ बडबड्या असला की आपोआप येतं.

इथवर वाचून बेटांवर सगळं गोडगोड आहे असं वाटेल. तसं नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीला 2010 ला तीन पॅसिफिक बेटांचे संघ होते. 2018 ला गोल्ड कोस्टला एकटं फिजी. 2022 ला बर्मिंगहॅमला एकही नाही. बारा वर्षांत तीनावरून शून्यावर. खेळ काही एवढा घसरलेला नाही. जागतिक क्रमवारीत टिकायला ठरावीक काळात ठरावीक संख्येने आंतरराष्ट्रीय सामने खेळावे लागतात, आणि बेटांवरून बाहेर पडायचं म्हणजे विमानभाड्यातच संघटनेची तिजोरी रिकामी. सामने नाहीत म्हणून क्रमवारी नाही, क्रमवारी नाही म्हणून मोठ्या स्पर्धेत जागा नाही, आणि जागा नाही म्हणून पैसा देणारं कुणी नाही. म्हणून तर पॅसिफिक गेम्सच्या त्या एका आठवड्याची तिथे एवढी वाट बघतात.

त्यात पुन्हा चांगल्या मुली न्यूझीलंड उचलतं. विलिमाइना डावू फिजीत जन्मली आणि 2003 चा विश्वचषक जिंकली ती न्यूझीलंडच्या संघातून. बर्निस मेनेचे वडील सामोअन, ती न्यूझीलंडची कर्णधार होती. यात चूक कुणाची, हा वाद इथे चहाच्या टपरीवर नाही तरी चर्चच्या आवारात रंगतो. मला दोन्ही बाजू पटतात. मुलीने चांगल्या पगाराची लीग का सोडावी?

सुविधांचं म्हणाल तर पोर्ट मोर्सबीचं रीटा फ्लिन संकुल घ्या. 2015 च्या स्पर्धेचा नेटबॉल इथे झाला. पाच वर्षांनी कोविड आला आणि तिथेच रुग्णांच्या खाटा लागल्या. इलाज नव्हता, मान्य. पण शहरात बायकांच्या हक्काची अशी जागा एकच असते तेव्हा पहिली ती जाते, हे आपल्याकडच्या जिल्हा क्रीडा संकुलांत लग्नं आणि प्रदर्शनं बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

अपवाद टोंगा. लोकसंख्या जेमतेम एक लाख, आपल्याकडचा एखादा तालुका याहून मोठा असतो. रविवारी तिथे खेळ बंद, राज्यघटनेनेच तो दिवस पवित्र ठरवलाय. जानेवारी 2022 मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक आणि त्सुनामी, समुद्राखालची केबल तुटली, ती जोडायला महिन्याहून जास्त लागला. आणि पुढच्याच वर्षी, 2023 ला, केपटाऊनच्या विश्वचषकात टोंगाचा महिला संघ पहिल्यांदा उतरला. हे काही चमत्काराने झालं नाही. सरकारने खेळावर पैसे लावले, ऑकलंड-सिडनीतल्या टोंगन मुलींना साद घातली, आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या पैशावर चालणाऱ्या पॅसिफिक-ऑस स्पोर्ट्सच्या नेटबॉल मालिकेतून सामने मिळवले. त्या मालिकेचा हेतू निव्वळ क्रीडाप्रेम नाही, त्यामागे परराष्ट्र धोरण आहे हे उघड आहे. असेना! सामने तर झाले.

आणि इथेच माझं मागणं येतं.

भारत पॅसिफिक गेम्समध्ये खेळू शकत नाही, ती बेटांची स्पर्धा आहे. पण बेटांना आपल्याकडे बोलावू शकतो. पुण्याच्या बालेवाडीला 2008 ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. संकुल उभं आहे, राहायची सोय आहे, विमानतळ जवळ. दर वर्षी फिजी, सामोआ, टोंगा, पापुआ न्यू गिनी यांतल्या दोन-तीन संघांना तिथे बोलवा, सोबत श्रीलंका घ्या, आणि जागतिक संघटनेची मान्यता घेऊन अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांची मालिका खेळवा. मान्यतेचा मुद्दा सोडू नका. मैत्रीपूर्ण सामना म्हणून खेळवलात तर त्यांना क्रमवारीचे गुण मिळणार नाहीत, आणि मग त्या एवढा लांबचा प्रवास कशासाठी करतील? त्यांना सामने हवेत, आपल्यालाही सामने हवेत. इतका सरळ व्यवहार खेळात क्वचित जुळून येतो.

पैशाचं म्हणाल, तर दिल्लीत योग्य दरवाजा ठोठावा. भारत आणि पॅसिफिक बेटांचा फिपिक नावाचा मंच 2014 पासून आहे. त्याची शिखर परिषद 2015 ला जयपूरला झाली आणि 2023 ला पोर्ट मोर्सबीला. आरोग्य, ऊर्जा, शिष्यवृत्त्या अशा घोषणा तिथे होतात. त्या यादीत नेटबॉलच्या एका मालिकेचा खर्च कुणाला दिसणारही नाही. ऑस्ट्रेलियाला जे सुचलं ते आपल्याला न सुचायला काही कारण नाही. फिजीच्या लोकांशी तर आपलं नातं गिरमिटियांच्या, म्हणजे इंग्रजांनी करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या, काळापासूनचं आहे.

उलट्या दिशेनेही जा. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिडनीला विश्वचषक आहे. त्याच्या आधी सगळे बेटांचे संघ सरावाच्या सामन्यांच्या शोधात असतील. तेव्हा सुवाला तीन आठवडे संघ पाठवा. राष्ट्रीय संघाशी दोन-तीन सामने आणि मधल्या दिवशी तिथल्या लीगच्या संघांशी. कारकून मुलींचा संघ आपल्याला हरवेल कदाचित. हरवू दे. दमट हवेत सलग दिवस साठ मिनिटं पळायची सवय त्यातूनच होईल, आणि आपल्या कुठल्या मुली तिसऱ्या दिवशीही उड्या मारतात ते निवड समितीला प्रत्यक्ष दिसेल.

सोबत पंच पाठवा. हे मी माझ्या पेशाचं सांगतेय, पण महत्त्वाचं आहे. संघ आंतरराष्ट्रीय कोर्टावर गेल्यावर बरेच पेनल्टी पास (चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारे पास) अंगाला अंग लागण्याच्या चुकांवर जातात, कारण घरी पंच ज्याला सोडून देतात त्याला बाहेर शिट्टी वाजते आणि घरी ज्याला वाजते ते बाहेर चालतं. राज्य स्पर्धांचे पंच पॅसिफिकच्या सामन्यांत उभे राहिले, तर पुढच्या मोसमात सातारा-नागपूरच्या शालेय सामन्यांचा दर्जा बदलेल.

आणखी एक, थोडं आडवळणाचं. फिजीची जवळपास तिसरा हिस्सा वस्ती भारतीय वंशाची, पॅसिफिक गेम्सची कल्पनाही त्यांच्यातल्याच माणसाची, पण फिजीच्या नेटबॉल संघाच्या यादीत भारतीय नावं शोधूनही सापडत नाहीत. ऑकलंडला आमच्या मराठी घरांतही तेच. शनिवारी सकाळी शेजारची सामोअन मुलगी कोर्टावर आणि आमची गणिताच्या क्लासला. उंची नाही, ताकद नाही, आपल्या मुलींचं काम नाही, ही कारणं मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यावर वाद घालणं सोडून दिलंय. सेंटर आणि विंग डिफेन्स या मधल्या पट्ट्यातल्या जागांना उंची लागत नाही, पाय आणि डोकं लागतं. खो-खो खेळलेल्या आपल्या मुलींकडे ही दोन्ही आहेत. शोध घेताना उंच मुलींच्या मागे सगळे धावतील. तुम्ही खो-खोच्या मैदानांवरही माणूस पाठवा.

हे सगळं लगेच सुरू झालं, तर 2030 पर्यंत आपल्या मुलींच्या हिशेबी बरोबरीच्या संघांशी खेळलेले पुरेसे सामने जमा होतील. पदकाची भाषा मी करत नाही, तुम्हीही करू नका. फिजीशी किंवा सामोआशी चौथ्या क्वार्टरपर्यंत अटीतटीने खेळणारा संघ चार वर्षांत उभा राहू शकतो, एवढं मी इथल्या कोर्टाच्या कडेवरून नक्की सांगू शकते.

पत्रव्यवहाराला इंग्रजी चालतं, बेटांवरच्या संघटना लहान असतात आणि तिथे पदाधिकारी स्वतः फोन उचलतात. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा काळ आणि त्यातच नाताळच्या सुट्ट्या, तेव्हा बोलणी त्याआधीच उरकून घ्यावीत.

आपली,
दक्षिण ऑकलंडमधली एक मराठी नेटबॉल पंच